जुनी, पण दमाची!

मैत्रिणींनो, घरातल्या बाईला रोजच्या वापरासाठी गाडी घ्यायची ठरली, की घरोघरी साधारण एकच संवाद होतो. ‘तिला काय, एखादी छोटीशी घेऊ. वळवायला सोपी, लावायला सोपी, कुठं घासली तरी हरकत नाही.’ घरातल्या कर्त्या पुरुषाची गाडी मात्र ‘चांगली दणकट’ हवी! बाई रोज किती किलोमीटर जाते, कुठल्या रस्त्यानं जाते, परत यायला अंधार होतो का, हे प्रश्न त्या बैठकीत कुणी विचारतच नाही. चर्चा होते ती रंगाची.

आमच्याकडेही तेच झालं. दीर म्हणाले, “वहिनी, लाल घ्या, उठून दिसते.” वन्सं म्हणाल्या, “ऑटोमॅटिक घे बाई, पायाला आराम.” सासूबाईंचं म्हणणं, “गाडी नवीच हवी. दुसऱ्याच्या घरचं लोखंड कशाला आणायचं?” आणि आमचे हे वर्तमानपत्रामागून म्हणाले, “बजेट सांग, मग बोलू.”

मी बजेट सांगितलं. साडेपाच लाख. त्यातले तीन माझ्या आवर्ती ठेवीचे, एक भिशीचा आणि उरलेलं पतसंस्थेचं कर्ज. पुढं हेही सांगितलं, की एवढ्या पैशात मी नवी छोटी गाडी घेणार नाही. मी जुनी घेणार आहे, आणि तीही चांगली पळणारी. घरात क्षणभर शांतता. मग सासूबाई म्हणाल्या, “आता हिला रेस लावायचीय का?”

रेस नव्हती लावायची. रोज संध्याकाळी धड घरी पोचायचं होतं. ते कसं, ते सांगते.

ट्रॉलीमागचं गणित

मी कराडला राहते आणि पाटणच्या पुढच्या एका हायस्कुलात शिकवते. जाऊन-येऊन रोज ऐंशी किलोमीटर. माहेर चिपळूणला. आई तिथं एकटी असते, त्यामुळे महिन्यातून दोनदा तरी कुंभार्ली घाट उतरायचा आणि चढायचा. पंधरा वर्षं हा प्रवास एस. टी.नं आणि सहकाऱ्यांच्या गाडीत मागं बसून केला. रस्ता तोंडपाठ आहे.

आमच्या भागातल्या बायकांना वेगळं सांगायला नको. दिवाळी झाली, कारखान्यांची धुराडी पेटली, की रस्ता उसाचा होतो. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनी ऊस बाहेर आलेला, मागं दिव्याचा पत्ता नाही आणि वेग ताशी वीस-पंचवीस. त्यांच्यामागं दहा गाड्यांची रांग. प्रत्येकाला पुढं जायचंय, समोरून वडाप येतंय. आमच्या शाळेतल्या एका बाई अशाच एका संध्याकाळी ट्रॉली ओलांडायला गेल्या. गाडी छोटी, आत पाच जणी बसलेल्या, चढाचा रस्ता. अर्ध्यात गेल्यावर गाडीनं दम सोडला आणि समोरून ट्रक आला. कसाबसा जीव वाचला, पण खुबा मोडला. त्यानंतर त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही.

मी गणिताची शिक्षिका. घरी आले आणि कागदावर हिशोब मांडला. ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या आणि त्यांच्या मागचं-पुढचं अंतर धरून साधारण ५० मीटर जास्तीचे कापायचे आहेत. आपली गाडी ट्रॉलीपेक्षा सरासरी ताशी २५ किलोमीटरनं जास्त पळू शकली, तर त्याला सव्वासात सेकंद लागतात. तीच ४० किलोमीटरनं जास्त पळाली, तर साडेचार सेकंद. फरक जेमतेम पावणेतीन सेकंदांचा. पण समोरून ताशी ६० किलोमीटरनं येणारी गाडी तेवढ्या वेळात ४५ मीटर पुढं येते. म्हणजे चुकीच्या बाजूला आपण किती वेळ आहोत, हे गाडीच्या दमावर ठरतं.

म्हणून मला दमाची गाडी हवी होती. आणि दम असला म्हणजे कुठंही मुसंडी मारायची असं नाही, हेही आत्ताच सांगून टाकते. वळणावर, चढाच्या माथ्यावर, पुलावर आणि अखंड रेषेवर ओलांडायचं नाही म्हणजे नाही, मग इंजिन कितीही मोठं असो. जिथं ओलांडायला जागा आहे, तिथलं काम झटपट उरकावं, एवढ्यासाठीच हा दम.

‘हॉट हॅचबॅक’ म्हणजे काय गं?

हा शब्द मला माझ्या भाच्यानं शिकवला. मागचं दार काचेसकट वर उघडतं ती हॅचबॅक. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्या याच प्रकारातल्या. त्याच अंगाला मोठ्या गाडीच्या ताकदीचं इंजिन, घट्ट सस्पेन्शन आणि चांगले ब्रेक बसवले, की झाली ‘हॉट हॅचबॅक’. फोक्सवॅगननं १९७६ साली जर्मनीत ‘गोल्फ जीटीआय’ आणली, तिनं हा प्रकार जगभर लोकप्रिय केला. शनिवारी बाजार आणायला आणि रविवारी घाटात पळवायला एकच गाडी, असा तो मामला.

आपल्याकडे अस्सल म्हणाव्या अशा या गाड्या थोड्याच आल्या. २००१ मध्ये फियाटच्या पॅलिओचं १.६ लिटरचं मॉडेल आलं, सुमारे १०० अश्वशक्तीचं. सचिन तेंडुलकर जाहिरात करायचा तीच पॅलिओ. मग २०१३ मध्ये फोक्सवॅगन पोलोची ‘जीटी’ आली, एक पेट्रोलवर आणि एक डिझेलवर. २०१५ मध्ये फियाटनं १४५ अश्वशक्तीची ‘अबार्थ पुंटो’ काढली, ती तर आपल्या पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावला तयार व्हायची. २०१७ मध्ये मारुतीनं १०२ अश्वशक्तीची ‘बलेनो आरएस’ आणली आणि जानेवारी २०२० मध्ये बंदही केली. या गाड्या नव्या होत्या तेव्हा त्यांची किंमत ऐकून मध्यमवर्ग वळसा घालून जायचा. आज त्याच गाड्या नव्या छोट्या गाडीच्या भावात मिळतात. आपला फायदा आहे तो इथंच.

पण शौकिनाची गाडी आणि रोजची गाडी यात फरक आहे. शौकिनाची गाडी आठ दिवस गॅरेजात पडली तरी त्याला गंमत वाटते. आपल्याला सव्वादहाची घंटा गाठायची असते. म्हणून मी प्रत्येक गाडीला तीनच प्रश्न विचारले. एक, माझ्या गावात हिला हात लावणारा मिस्त्री आहे का? दोन, सुटे भाग आठवड्यात मिळतील का? तीन, अपघात झालाच तर ही मला सांभाळेल का?

चौघींतली एक

अबार्थ पुंटो पहिल्या फेरीतच गळाली. गाडी देखणी, ताकद भरपूर. पण फियाटनं आपल्याकडं ती विकणं केव्हाच थांबवलं. भाग शोधत फिरायला मला वेळ नाही. पॅलिओचं तर वयच झालेलं.

बलेनो आरएस मला खूप आवडली होती. हलकी, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि मारुतीचं सर्व्हिस सेंटर तालुक्या-तालुक्यात. पण तिचं टर्बो इंजिन नेहमीच्या बलेनोचं नाही, त्यामुळे त्याचे खास भाग सगळीकडे मिळतीलच असं नाही. शिवाय लॅटिन एनकॅप या संस्थेनं २०२१ मध्ये भारतात बनलेल्या त्या पिढीच्या बलेनोची धडक-चाचणी घेतली, तेव्हा तिला शून्य तारे मिळाले होते. माझ्या तिसऱ्या प्रश्नाला ते उत्तर पुरेसं नव्हतं. कुणाला ही गाडी घ्यायची असेल, तर एक लक्षात ठेवा. ब्रेकला मदत करणाऱ्या व्हॅक्यूम पंपासाठी मारुतीनं एप्रिल २०२३ मध्ये ७,२१३ बलेनो आरएस परत बोलावल्या होत्या. आपण पाहतोय त्या गाडीचं ते काम झालंय का, हे चेसिस नंबर देऊन विचारून घ्या.

राहिली पोलो. ही गाडी २००९ पासून २०२२ पर्यंत आपल्या चाकणला तयार झाली. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपनं पोलोची चाचणी घेतली. एअरबॅग नसलेल्या गाडीला शून्य तारे आणि दोन एअरबॅग असलेल्या त्याच गाडीला चार! त्यानंतर कंपनीनं आपल्याकडे सगळ्याच पोलोंना दोन एअरबॅग द्यायला सुरुवात केली. ती चाचणी जुन्या नियमांची होती, आजचे नियम कडक आहेत, हे मान्य. तरीही दार लावल्यावर जो ‘धप्प’ आवाज येतो ना, त्यानंच निम्मं काम केलं.

आता पोलो जीटीतही दोन प्रकार. पेट्रोलची ‘टीएसआय’ आणि डिझेलची ‘टीडीआय’. २०१३ ते २०१९ पर्यंतच्या टीएसआयला सात गिअरचा ‘डीएसजी’ ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. चालवायला लोण्यासारखा! पण कोरड्या क्लचच्या या गिअरबॉक्सचा नियंत्रण-भाग बिघडण्याच्या तक्रारी जगभर झाल्या. २०१३ मध्ये चीनमध्ये कंपनीला याच कारणासाठी ३ लाख ८४ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. तो भाग बदलायचा खर्च वॉरंटी संपलेल्या गाडीत आपल्यावरच पडतो, आणि तो आपल्या दोन-तीन पगारांना सहज खाऊन टाकतो. म्हणून वन्संचा ‘ऑटोमॅटिक घे’ हा सल्ला मी नम्रपणे बाजूला ठेवला. (२०२० नंतरच्या पोलोत गिअरबॉक्स बदलला आणि एक लिटरच्या टर्बो इंजिनाला हातानं टाकायचे सहा गिअरही मिळाले. ज्यांचं बजेट थोडं जास्त आहे आणि रोजचं अंतर कमी, त्यांनी ती जरूर बघावी.)

मी निवडली २०१६ची पोलो जीटी टीडीआय. दीड लिटरचं डिझेल इंजिन, १०५ अश्वशक्ती आणि पाच साधे गिअर. पण यात खरी मेख आहे ती ‘टॉर्क’ची, म्हणजे इंजिनाच्या ओढीची. नव्या छोट्या गाडीची ओढ असते साधारण ९० न्यूटन-मीटर, हिची २५०. आणि ती मिळते अगदी खालच्या फेऱ्यांवर, दीड हजारापासून. म्हणजे तिसऱ्या गिअरात ट्रॉलीमागं रांगत असताना गिअर न बदलता नुसता पाय दाबला, की गाडी बैलासारखी ओढ घेते. हे काम करतो टर्बो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूंवर एक छोटा पंखा फिरतो आणि तो इंजिनात जास्त हवा कोंबतो. चुलीत फुंकणी घातल्यावर जाळ कसा उसळतो, तसंच.

डिझेल निवडायला आणखी एक कारण होतं. आता पंपावर येणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. एप्रिल २०२३ पूर्वीच्या बहुतेक पेट्रोल गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. त्यांचं अॅव्हरेज थोडं घटतं आणि जुनी रबरी नळी किंवा गॅस्केट लवकर बदलावं लागू शकतं. गाडी लगेच बंद पडते असं मुळीच नाही, पण जुनी पेट्रोल गाडी घेताना हा मुद्दा विचारात घ्या. उलट, ज्यांचं रोजचं येणं-जाणं गावातल्या गावात पाच-सात किलोमीटरचं आहे, त्यांनी जुन्या डिझेलच्या वाटेला जाऊ नये. डिझेल इंजिन नीट तापलंच नाही, तर आत काजळी साचते आणि मग एकेक दुखणं सुरू होतं.

“साहेबांना बोलवा”

निवड कागदावर झाली, पण गाडी शोधायला चार महिने लागले. सात गाड्या पाहिल्या. एका शहरातल्या जुन्या गाड्यांच्या दुकानात गेलो, तर मालक सगळं यांच्याकडे बघून सांगतोय. “साहेब, इंजिन बघा. साहेब, टायर बघा.” आमच्या ह्यांना स्कूटरचा प्लगसुद्धा ओळखता येत नाही! मी टायमिंग बेल्ट कधी बदललाय, म्हणून विचारलं. मालक हसून ह्यांना म्हणाला, “मॅडमनी बराच अभ्यास केलाय.” उत्तर काही दिलं नाही. तिथल्या गाडीचं मीटर दाखवत होतं ४१ हजार, आणि ब्रेकच्या पॅडलचं रबर गुळगुळीत झिजलेलं, ड्रायव्हरच्या सीटची कड फाटलेली. एक्केचाळीस हजारांत एवढी झीज? आम्ही चहासुद्धा न घेता निघालो.

दुसरी एक गाडी भलतीच स्वस्त होती. आतून चकाचक, सीटला नवी कव्हरं, अत्तराचा घमघमाट. तिथं मला माझं चिपळूण कामाला आलं. २२ जुलै २०२१च्या पुरात भावाची गाडी बुडाली होती. वाशिष्ठीचं पाणी उतरल्यावर ती आम्ही सगळ्यांनी मिळून धुतली. तो चिखलाचा वास मी जन्मात विसरणार नाही. मी सरळ सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत बाहेर ओढला. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर गाळाची पिवळट रेघ! डिकीतली स्टेपनी उचलली, तर खालच्या खाचेत वाळलेली माती. पुरात बुडालेल्या गाडीच्या वायरिंगमध्ये गंज धरतो आणि तो दोन-दोन वर्षांनी बाहेर पडतो, कधी भर पावसात, कधी घाटात. २००५ची मुंबई, २०१९चं सांगली-कोल्हापूर, २०२१चं चिपळूण-महाड. एवढे पूर आपण पाहिलेत. त्यातल्या गाड्या कुठं गेल्या असतील, याचा विचार करा.

शेवटी गाडी मिळाली ती एका निवृत्त डॉक्टरांची. एकहाती वापर, ७८ हजार किलोमीटर, प्रत्येक सर्व्हिसची पावती फायलीत लावलेली. मी आमच्या मिस्त्रींना सोबत नेलं होतं. ते तीस वर्षं गाड्या उघडतायत. त्यांनी सकाळी गार इंजिनावर गाडी सुरू करायला लावली, कारण तापलेलं इंजिन आपली दुखणी लपवतं. मागं धूर बघितला. तेलाचं झाकण उघडून आत बोट फिरवलं. क्लच सोडताना थरथर होते का, ते पाहिलं. खड्ड्यातून हळू नेऊन सस्पेन्शनचा आवाज ऐकला. मग मला म्हणाले, “ताई, आता तुम्ही चालवा. चढावर न्या. गाडी तुम्हाला चालवायचीय, मला नाही.”

हे वाक्य तुम्हीही लक्षात ठेवा. मी सीट वर केली, स्टिअरिंग जवळ ओढलं, क्लच पूर्ण दाबता येतोय का ते पाहिलं, बोनेटच्या पुढचा रस्ता किती दिसतो ते पाहिलं. माझी उंची पाच फूट एक इंच. गाडी कितीही चांगली असली, तरी तुमच्या मापाला ती बसली पाहिजे. दुसऱ्याच्या मापाचं ब्लाऊज आपण घालतो का?

कागद आधी, चावी नंतर

व्यवहार ठरला ४ लाख ८५ हजारांना. इसार दिला, पण पूर्ण पैसे द्यायच्या आधी कागद तपासले. आरसी बुकावरचा चेसिस आणि इंजिन नंबर प्रत्यक्ष गाडीवर ताडून पाहिला. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून विमा, पीयूसी आणि थकलेली ई-चलनं बघितली. डॉक्टरांच्या नावावर वेगमर्यादेची दोन चलनं होती. त्यांनी ती हसत-हसत भरली.

मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. गाडीवर आधी कर्ज असेल, तर बँकेचा फॉर्म ३५ आणि ना-हरकत पत्र हवं. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल, तर तिथल्या आरटीओची फॉर्म २८ वरची ना-हरकत लागते आणि आपल्याकडचा रस्ता-करही नव्यानं भरावा लागतो. २०१५ मध्ये हरित लवादानं दिल्ली परिसरातल्या दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली, तेव्हापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात बाहेर विकल्या जाऊ लागल्या. स्वस्ताईला भुलण्याआधी कराचा आकडा विचारा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. माझी गाडी २०१६ची, म्हणजे २०३१ पर्यंत चिंता नाही. पुढं तपासणी करून पाच-पाच वर्षांनी ती वाढवता येते. आपल्याकडे पंधरा वर्षांनंतर पर्यावरण करही भरावा लागतो.

विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्यायचा. हे राहिलं आणि नेमका अपघात झाला, तर नुकसानभरपाईची पंचाईत होते. आधीच्या मालकाचा ‘नो क्लेम बोनस’ मात्र आपल्याला मिळत नाही. तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. आणि १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलीय का, तेही पाहा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आरसी बुकावर नाव कुणाचं? पतसंस्थेतल्या साहेबांनी फॉर्म भरताना न विचारताच ह्यांचं नाव लिहायला घेतलं. मी म्हटलं, “साहेब, हप्ता माझ्या पगारातून जाणारे.” त्यांनी पेन थांबवलं. आमच्या ह्यांनीच पुढं होऊन सांगितलं, “तिचंच नाव घाला. मला तर ती लिफ्ट देणारे.” मैत्रिणींनो, पैसा तुमचा असेल, तर कागदही तुमच्या नावाचा असू द्या.

खर्चाची वही

जुनी गाडी घेताना किमतीच्या पंधरा टक्के रक्कम बाजूला ठेवायची, हा मिस्त्रींचा नियम. कारण विकायची ठरली, की मालक पुढचा खर्च टाळतो. माझा पहिल्या महिन्याचा खर्च असा झाला : टायमिंग बेल्ट, त्याचे टेन्शनर आणि वॉटर पंप मिळून १८ हजार. चार टायर २४ हजार. बॅटरी ७ हजार. तेल, सगळे फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल ११ हजार. सस्पेन्शनचे बुश आणि लिंक ९ हजार. एकूण ६९ हजार.

टायरबद्दल एक. रबर दिसायला जाड असलं, तरी पाच-सहा वर्षांनी ते कडक होतं. टायरच्या कडेला चार आकडे असतात. २२१७ असं असेल, तर तो २०१७च्या बाविसाव्या आठवड्यात बनलेला. बेल्टबद्दल दुसरं. या इंजिनात टायमिंग बेल्ट तुटला, तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिन उघडावं लागतं. पावती नसेल, तर ‘बदललाय हो’ या तोंडी शब्दावर विसंबू नका. तुम्ही पाहताय ती डिझेल पोलो २०१५ पर्यंतची असेल, तर आणखी एक चौकशी करा. धुराच्या नियमांच्या प्रकरणात कंपनीनं डिसेंबर २०१५ मध्ये भारतातल्या ३ लाख २३ हजार ७०० गाड्या सॉफ्टवेअर बदलायला बोलावल्या होत्या. ते काम झालंय का, ते विचारा.

त्यानंतर दोन वर्षांत मी ४० हजार किलोमीटर चालवलं. दर दहा हजारांना तेल बदलते, दर महिन्याला टायरमधली हवा बघते. घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद करत नाही, अर्धा मिनिट तसंच चालू ठेवते. तेवढ्यात टर्बो निवतो. अॅव्हरेज १९च्या आसपास पडतं. वर्षाचं डिझेल साधारण ९६ हजारांचं होतं. तेवढंच अंतर १८चं अॅव्हरेज देणाऱ्या पेट्रोल गाडीनं कापलं असतं, तर १ लाख १६ हजार लागले असते. म्हणजे वाचलेल्या वीस हजारांत वर्षाची सर्व्हिसिंग निघते. दोन वर्षांत एक पंक्चर सोडलं, तर गाडी रस्त्यात उभी राहिलेली नाही.

तोटेही सांगते. मागची सीट अरुंद आहे, तीन मोठी माणसं बसली की कुरकुर होते. सासूबाईंना उतरताना हात द्यावा लागतो. भाग मारुतीच्या तुलनेत महाग आहेत आणि काही कोल्हापूर-पुण्याहून मागवावे लागतात. त्यासाठी तीन-चार दिवस धरून चालते आणि काम नेहमी सुट्टीतच काढते. जुन्या गाडीच्या कर्जाचा व्याजदरही नव्या गाडीपेक्षा बराच जास्त असतो, म्हणून कर्ज जेवढं थोडं तेवढं बरं.

पण गेल्या श्रावणात रात्री साडेअकराला चिपळूणहून शेजारच्या काकूंचा फोन आला. आईला दम लागला होता, आणि तिचे नेहमीचे डॉक्टर कराडचे. मी आणि हे निघालो. कुंभार्लीत धुकं आणि पाऊस असा, की काचेपुढचा हात दिसू नये. घाट जपून, तीस-पस्तीसनं उतरले. परत येताना मागं आई आडवी, शेजारी काकू. तोच घाट चढताना एका अवजड ट्रकमागं अडकलो. वळण संपलं, सरळ पट्टा आला, समोर अंधार म्हणजे कुणी नाही याची खात्री झाली, ट्रकवाल्यानं उजवीकडचा दिवा दाखवून वाट दिली. मी पाय दाबला. गाडी सरळ पुढं आली, कुठं धाप नाही, कुठं थरथर नाही. आईला कळलंही नाही. पहाटे ती हॉस्पिटलात होती, आणि चार दिवसांनी घरी.

त्या वेळी दवाखान्याच्या पायऱ्यांवर हे म्हणाले, “लाल नाही घेतली ते बरं केलंस.” आमची गाडी करड्या रंगाची आहे. त्यांचं कौतुक असंच असतं!

तेव्हा मैत्रिणींनो, गाडी बघायला जाल तेव्हा आधी वहीत तुमचा रस्ता लिहा. किती किलोमीटर, किती चढ, किती अंधार, बरोबर कोण. मग त्या रस्त्याला पुरेल अशी गाडी शोधा. ती नवीच हवी असं नाही, छोटीच हवी असंही नाही. आणि दुकानदार ‘साहेबांना बोलवा’ म्हणाला, तर खुशाल सांगा, “साहेब मागच्या सीटवर बसणारेत.”

घेण्याआधी एवढं तपासा

* गाडी सकाळी, गार इंजिनावर सुरू करून बघा. निळा धूर म्हणजे तेल जळतंय.
* सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, स्टेपनीखाली हात घाला, गालिचा उचलून वास घ्या. पुराची गाडी इथंच ओळखू येते.
* मीटरपेक्षा पॅडल, स्टिअरिंग आणि सीटच्या कडेवर विश्वास ठेवा. प्रत्येक सर्व्हिसच्या पावतीवरचे किलोमीटर चढत्या क्रमानं आहेत का, ते पाहा.
* सगळ्या काचांवरचं उत्पादनाचं साल जवळपास एकच हवं. एखादीच वेगळी असेल, तर कारण विचारा.
* एअरबॅगचा दिवा चावी फिरवल्यावर लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. लागलाच नाही, तरी शंका घ्या.
* मिस्त्री आपला न्या, विकणाऱ्याचा नको. त्याची फी आनंदानं द्या.
* शेवटची चक्कर स्वतः मारा, आणि तीही चढावर.